जास्तीचा दिवस

रबाळे एमआयडीसी, तळमजला, खोली चार.
खिडकी होती; प्लायवूड ठोकून बुजवली.
आत दिवस नाही, रात्र नाही,
एकच फिकट उजेड, पाणी घातलेल्या ताकासारखा,
आणि अठरा पेट्यांत अठरा मनोल्या.

माझं काम राळे घालायचं, पाणी बदलायचं.
पण रोज वेगळ्या वेळी.
कुरियन मॅडमनी बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या भरून ठेवल्यात:
दुपारी सव्वादोन. पहाटे चार. रात्री अकरा वाजून वीस.
निघेल त्या वेळी जायचं, अनवाणी.
पाखरांना माझ्या पावलांवरून वेळ कळता कामा नये.

त्यांना नाही कळली.
मलाच कळेनाशी झाली.
मुलगा विचारतो, आई, हे जेवण सकाळचं की रात्रीचं?
मी म्हणते, चिठ्ठीचं.

पाखरू दांडीवर उडी घेतं,
तिकडे कागदावर एक काळी खूण उठते.
एका दिवसाची एक ओळ. ओळीखाली ओळ.
चौदा नंबरचा कागद पहिल्यांदा नीट पाहिला
तेव्हा वाटलं, मशीन बिघडलं.
खुणांची कड सरळ खाली उतरत नव्हती,
डावीकडे कलत चालली होती,
ओहोटीला चिखलात होडी कलते तशी.

मॅडम म्हणाल्या, बिघडलं नाही.
सूर्य काढून घेतला की उरतं ते हे.
हिचा स्वतःचा दिवस तेवीस तास चाळीस मिनिटांचा.
हिला रोज वीस मिनिटं आधी उजाडतं.

मला बाप आठवला.
दिव्याच्या कोळीवाड्यात आमच्या घरी घड्याळ एकच, तेही बंद.
तो बोटांवर तिथीची पाऊणपट करायचा:
अष्टमीला सहा, दशमीला साडेसात,
आणि खाडीवर पोचायचा तो बरोबर भरल्या पाण्यात.
भरती रोज अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा,
ही वीस मिनिटं लवकर.
दोघींची गाठ कधी पडेल,
चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडून पाहिला.
जमला नाही. बापाला जमला असता.

मनोलीची कवटी कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
उजेड पिसांतून, हाडातून थेट आत उतरतो,
डोळे मिटले तरी.
आत राळ्याच्या दाण्यासारखी बारीक गाठ;
अंधारलं की पाझरते,
उजाडलं की थांबते.
मेलॅटोनिन, असं बाटलीवर लिहिलेलं असतं.
एकदा मॅडमनी काचेच्या बशीतल्या पेशी दाखवल्या,
कोंबडीच्या पिल्लाच्या.
ना पाखरू, ना पेटी, ना दाणा.
तरी रात्रीच्या सुमारास पाझरत होत्या.
मी विचारलं, कोणाला झोपवतायत?
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, ठाऊक नाही.

चाळिसाव्या दिवशी चौदा नंबरला उजाडलं
ते संध्याकाळी पावणेपाचला, शाळा सुटायच्या वेळी.
पुढे माझ्या मध्यरात्री. मग माझ्या साखरझोपेत,
जी त्या दिवसांत मला कधीही लागायची,
बसमध्ये, ओट्याशी उभ्याउभ्या.

बहात्तर दिवस भरले त्या दिवशी चिठ्ठी निघाली:
पहाटे सहा.
दार लोटलं तर ती नुकतीच दांडीवर आलेली,
पिसं झटकत.
प्लायवूडच्या पलीकडे ऐरोलीच्या खाडीवरही
तेव्हाच फटफटत होतं.
फेरी पुरी झाली होती.
आपण सगळ्यांनी बहात्तर दिवस काढले,
तिने त्र्याहत्तर.
एक दिवस जास्तीचा, कुठल्याच कॅलेंडरात नसलेला.
कसा गेला तो, काय केलं तिने त्यात?
कागदावर नुसत्या उड्या आहेत.

बाहेर गेटच्या फ्लडलाइटखाली दयाळ गात होता, घसा ताणून.
वॉचमन काळण म्हणाला,
याचं अडीचपासून चाललंय.
मी वर पाहिलं.
याला कोणी चिठ्ठी दिली?

घरी मुलगा दप्तर भरत होता.
आज सकाळ का ग, आई?
हो म्हटलं.
आणि तवा ठेवला.