पुड्या

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना लॅपटॉप,
झाकणावर कुणा बंटीचं नाव खिळ्याने कोरलेलं,
आणि मी, कुर्ल्याच्या म्युनिसिपल दवाखान्यातली औषधवाली,
वय त्रेचाळीस.
हास्केल शिकायला बसले
तो मंगळवार होता.

तन्झील म्हणाला होता, ताई, ही भाषा शुद्ध.
फंक्शनला जे द्याल त्यावरच ते उत्तर देतं,
बाहेरच्या कशाला शिवत नाही.
म्हटलं, म्हणजे आमच्या आत्याबाईंचं सोवळं.
तो हसला नाही. सोवळं म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं,
आणि सांगता सांगता माझीच मान खाली गेली.

मला एवढंच करायचं होतं:
एक्स्पायरी जवळ आलेल्या गोळ्यांची यादी.
त्यासाठी हवी होती तारखा वाचणारी एक पुडी. एकच.
तिला हवी होती दुसरी.
दुसरीला आणखी अकरा.
अकरांतल्या एकीला जुना बेस,
आणि माझ्याकडे बेस नवा,
चार पॉइंट अठरा.
तेवढ्या एका आकड्यावरून
नाकारले,
नाकारले,
नाकारले,
आणि शेवटी: सगळं झाड धुंडाळून झालं.
कुठलं झाड? माझ्या खिडकीतून
समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते.

बुधवारी कळलं की काबाल नको, स्टॅक वापरा.
गुरुवारी कळलं, स्टॅक कशाला, काबाल आता सुधारलाय.
मी दोन्ही घेतले.
दोघांनी आपापला कंपायलर आणला
जशा दोन जावा एकाच घरात दोन मिक्सर आणतात.
डिस्क भरली. भाचीच्या बारशाचे व्हिडिओ पुसले.
रोजचा दीड जीबी रात्री साडेनऊलाच संपायचा,
मग उरलेली पुडी अर्ध्यावर
दारात चप्पल घालून उभी.

शुक्रवारी खिडकीवर पेद्रू डिमेलो आले, गावठाणातले,
हातात दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या.
मी सवयीने म्हटलं, ही ह्याच्याबरोबर चालत नाही.
ते म्हणाले, मग कुठली सोडू?
वीस वर्षं मी हे वाक्य म्हणत आलेय, ही ह्याच्याबरोबर चालत नाही,
आणि पुढच्या माणसाला हाक मारत आलेय.
त्या दिवशी हाक मारली नाही.
दोन्ही डॉक्टरांना फोन लावले. एकाने उचलला.
मागची रांग माझ्या नावाने बोंबलत होती,
बोंबलू दे.

शनिवारी रात्री मी सगळं पुसलं.
टिंबापासून नाव सुरू होणारी, न दिसणारी ती फोल्डरंसुद्धा,
जिथे आठवडाभराचे माझे सगळे प्रयत्न
कुजट वास न येता पडून होते.
एकच साधन ठेवलं. कुठलं ते सांगत नाही, भांडणं होतात.
कंपायलर एक पायरी जुना घेतला.
चाळीस मिनिटं पंखा घुरघुरला,
मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, तरी चटके.
पुड्या एकेक करून आत आल्या,
कुणी कुणाला हरकत घेतली नाही.

आणि मग परत लाल.

डोळे मिटून घेतले. उघडले. वाचलं.
ह्यात बेस नव्हता, आवृत्ती नव्हती, झाड नव्हतं.
सतराव्या ओळीत, म्हणे,
जिथे तारीख हवी तिथे तुम्ही शब्द दिलाय.

तुम्ही. म्हणजे मी.
आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्यावर
ही पहिली माझी,
स्वतःच्या हाताने केलेली, ताजी.
घरात कुणी जागं नव्हतं, नाहीतर दाखवली असती.

जुळलेले सगळे आकडे मी औषधाच्या कागदी पाकिटावर लिहिले,
सकाळी एक, रात्री एक लिहिते तशाच मोठ्या अक्षरात,
आणि पाकीट लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलं, बंटीच्या नावावर.
तन्झीलच्या बहिणीलाही शिकायचंय म्हणतात.

सतरावी ओळ अजून तशीच आहे.
उद्या बघते.