दोन्ही टोकांची मोजणी

राउटर आपणहून काही सांगत नाही.
विचारलं तर आकडे देतो:
आत किती आली, बाहेर किती गेली,
किती मोडकी निघाली, किती टाकून दिली.
का, ते त्याच्या वहीत नसतं.

चिलोएच्या या बेटावर दवाखाना एकखणी,
भिंती माशाच्या खवल्यांसारख्या फळ्यांच्या.
नर्स एदुविना बार्रिया म्हणाली,
"कास्त्रोचे डॉक्टर वाक्याच्या मध्येच गोठतात.
काल म्हणाले, 'गोळी अर्धी'.
अर्धी घ्यायची की अर्धी सोडायची,
ते गेलं समुद्रात."

मी आधी सगळे आकडे पुसले.
तीन वर्षं साठलेला आकडा
कुणाचंच पाप सांगत नाही.
मग मोजून हजार पॅकेट सोडली.
दवाखान्यातून हजार निघाली,
टेकडीवरच्या खोक्यात हजार आत, हजार बाहेर,
पलीकडच्या किनाऱ्यावर
नऊशे एकसष्ट.

मध्ये तार नाही, खांब नाही.
अकरा किलोमीटर पाणी
आणि त्यावरून ओढलेली, न दिसणारी रेघ.

कनेक्टर बदलला. केबल बदलली.
तबकडी पुसली, तिच्यावर बसणाऱ्या पाणकावळ्याला
आईवरून शिव्या दिल्या.
पुन्हा शून्य, पुन्हा हजार,
आणि हजारच्या हजार पोचली!
कास्त्रोला कळवून टाकलं, झालं म्हणून.
रात्री अडीचला पुन्हा गळती.

मग वही घातली. दर दहा मिनिटांनी आकडा,
मांडीवर थर्मास, पायाशी दवाखान्याचं कुत्रं.
सोमवारी गळती दोन दहाला.
मंगळवारी तीनला.
बुधवारी तीन पन्नास.
मी जनित्राची वेळ ताडून पाहिली,
सॅमनच्या पिंजऱ्यांवरच्या नव्या रडारची,
शाळा सुटण्याची.
एकही जुळेना. गुन्हेगार रोज उशीर करत होता,
तोही शिस्तीने.

दोन्या दोमितिला नाहुएलकीन रक्तदाब मोजायला आली होती,
गमबुटांतून पाणी गळत, नखांत लाल शेवाळ.
दंडावरचा पट्टा फुगत असताना
तिची नजर माझ्या वहीवर.
"भरतीचं कोष्टक हाताने कशाला लिहितेस?
माझ्या चुलीमागे छापील टांगलंय."

मी वही पाहिली. खिडकीबाहेर पाहिलं.
रोज दोन घटका उशिरा येणारं
इथे दुसरं होतं तरी काय.

पाणी चढतं तसा आरसा वर येतो.
एक तरंग सरळ जातो,
दुसरा पाण्यावर टप्पा घेऊन,
आणि ठराविक उंचीला दोघे पलीकडे पोचतात
एकमेकांना खोडत.
एकाच माणसाने एकाच क्षणी
हो आणि नाही म्हणावं तसं.

दोन्या दोमितिला हसली नाही.
ती किनाऱ्यावर गोणी स्वतः मोजते,
लाँचवर चढताना मोजते,
कास्त्रोच्या व्यापाऱ्याच्या काट्याशी पुन्हा मोजते.
"बारा निघाल्या, अकरा पोचल्या,
तर लाँचवाल्याला धरायचं. तू तेच केलंस ना?"
मी म्हटलं, तेच.
"फक्त तुझा लाँचवाला मोठा निघाला."

शुक्रवारी दुसरी तबकडी लावली,
खांबावर पहिलीच्या चार मीटर खाली.
पाणी एकीला फसवील तेव्हा दुसरी ऐकेल.
आकडे पुसले. भरतीची वाट पाहिली.
पाणी धक्क्याची शेवटची पायरी चढलं,
होड्या कुशीवरून उठून सरळ झाल्या,
आणि गळतीच्या रकान्यात
शून्य. शून्य. शून्य.
मग एक.
मग बराच वेळ काही नाही.

एदुविनाने विचारलं,
"आजवर जी गेली, त्यांत काय होतं?"
राउटरला ते ठाऊक नसतं.
त्याला फक्त किती, एवढंच.
ती आत गेली, जुन्या नोंदी काढून बसली,
आणि एकेका घरी फोन लावू लागली:
"त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले,
तुम्हाला काय ऐकू आलं?"