बेगमी

कीथली. लिहितात भलतंच, म्हणतात भलतंच.
गावाच्या टेकडीवर, दफनभूमीच्याही वर,
कौन्सिलकडून भाड्याने घेतलेला तुकडा :
चार लुगडी लांब, एक लुगडं रुंद.
पावती अच्युतच्या नावाची, चिखल माझा.

इथली बेगमी उलटी.
आमच्याकडे उन्हात साठवायचं, पावसासाठी.
इथे पावसातच साठवायचं, आणि पुढे काळोख.
चार दिवस उघडीप मिळेल म्हणून थांबावं
तर बोटाएवढं कोर्जेट मांडीएवढं होतं,
आणि ते काखेत मारून मी येताना दिसले की
गल्लीतले पडदे एकेक करून ओढले जातात.

उरलेल्याचे सांडगे.
बॉयलरच्या कपाटात वाळतात, टॉवेलांच्या वरच्या फळीवर.
ऑगस्टभर अच्युतच्या अंगाला हिंगाचा वास,
अंघोळ करून आला की जास्तच.

गूसबेरी ही करवंदाची कुठली तरी लांबची बहीण,
अंगावर लव, खाली वाळकं शेपूट.
देठ-शेपूट कात्रीनं उडवायचं, एकेकीचं,
मोहरी फेसायची नाकात झणका जाईस्तोवर,
वर बोटभर तेल, जुन्या अभ्र्याचा दादरा,
आणि ओला हात लागला तर माझ्याशी गाठ.

पलीकडच्या तुकड्यात विल्फ्रेड स्टॅनक्लिफ.
बोलणं मोजकं, मीठ सढळ.
एक थर शेंगा, एक थर मीठ, मातीच्या रांजणीत.
पहिल्या वर्षी म्हणाला, तीन पौंडांना एक पौंड.
दुसऱ्या वर्षी म्हणाला, मेपर्यंत पुरव.
तिसऱ्या वर्षी माझं नाव विचारलं.

एप्रिलात इथे एक खिंड लागते.
फुलं म्हणाल तर रस्त्याच्या कडेलासुद्धा,
आणि खायला काही नाही.
केल फुलोऱ्यावर जाऊन कडू, बटाट्यांना कोंब,
कांदा हातात घ्यावा तर आत पोकळ.
भुकेची खिंड, विल्फ्रेड म्हणतो.
लोणच्याचा तळ नेमका तेव्हाच लागायचा.
तीन बरण्या घाला, पाच घाला.
रात्री दिवा न लावता अच्युत उठायचा,
मला झाकणाचा आवाज यायचा,
मग चमच्याचा,
मग बराच वेळ कशाचाच नाही.

गेल्या सप्टेंबरात दवाखान्यातल्या पोरीनं
त्याच्या दंडावर पट्टा आवळला, आकडा पाहिला,
पुन्हा आवळला.
मीठ, म्हणाली.
आणि आमच्या कोळशाच्या तळघरात
एकवीस बरण्या, तोंडं बांधून बसलेल्या.

वीस वाटल्या.
चर्चच्या टेबलावर दोन गेल्या, त्यातली एक परत आली.
विल्फ्रेडनं चार उचलल्या, न विचारता.
रात्रभर पाण्यात ठेव, म्हणाला, तीनदा पाणी बदल,
मीठ निघून जातं.
लोणच्यातून नाही निघत, मी म्हटलं.
त्यानं कुदळीवर हात ठेवून विचार केला.
नाही, म्हणाला. त्यातून नाही निघायचं.

एक ठेवली.
रविवारी एक फोड. फोड म्हणजे अर्धी गूसबेरी.
तो ती पानाच्या डाव्या बाजूला तशीच ठेवतो,
भात संपेपर्यंत, ताक संपेपर्यंत,
आणि मी उठून नळ सोडते,
त्याला खाताना बघायला नको म्हणून.
रात्री आता झाकण वाजत नाही.
मी जागी असते तरी.

आज मेची एकवीस.
पावट्याच्या वाफ्यात काळे-पांढरे डोळे उघडलेत,
खिंड ओलांडलीच म्हणायची.
बरणी खिडकीशी धरून पाहिली :
अर्ध्याच्या वर.
बारा वर्षांत पहिल्यांदा
लोणचं पुरतंय.

संध्याकाळी वर जाऊन आले.
गूसबेरी लगडलीय, फांद्या मातीला टेकल्यात.
तिला कुणी काही सांगितलेलं नाही.