एक हजार हर्ट्झच्या वर

सिसलचा धागा दोऱ्यासारखा नसतो, हे आधी लिहून ठेवते.
सूत्राला वाटतं, असतो.
गोल, सरळ, सगळे भाऊ एकाच जाडीचे.

सूत्र तसं अल्पसंतुष्ट.
पोकळी किती, काडी किती,
वाऱ्याला आत शिरताना किती दम लागतो
आणि वाट किती वळणांची,
एवढं दे, म्हणतं,
तुझी भिंत किती आवाज गिळेल ते सांगतो.

फेइरा दि सांतानाच्या प्रयोगशाळेत, पंखा बंद करून, घामाघूम,
मी चाळीस मिलिमीटरची चकती नळीत बसवते.
एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला लोखंड,
मधे माझ्या गावचा धागा.
हजार हर्ट्झला सूत्र म्हणालं होतं, शंभरातले एकाहत्तर.
नळी म्हणाली, अठ्ठावन्न.
एलेनिल्दा म्हणाली, कडेला फट असेल.
व्हॅसलीन लावलं. एकोणसाठ.

मग सूक्ष्मदर्शकाखाली दोनशे धागे मोजले.
पातीच्या बुडाचा जाड, शेंड्याचा बारीक,
कोरड्या सालातला तर भलताच.
सरासरी ही त्यांतल्या कुणाचीच जाडी नव्हती.
दोन गट पाडून पुन्हा घातले
तेव्हा सूत्र ताळ्यावर आलं. एकसष्ट.
एवढी चूक पदरात घेते.

हा धागा देओक्लेसियु यांनी काढलेला. माझे वडील.
एकतीस वर्षं त्या मोटरीपुढे उभे:
पात आत सारायची, हिरवा चोथा उडतो,
धागा ओढून घ्यायचा, पुन्हा पात.
चोथा शेळ्यांना, धागा उन्हात तारेवर.
शेजारच्या जुराँदिरचा पंजा तिथेच राहिला.
वडिलांची दहाही बोटं शाबूत;
नशीबवान, म्हणतात लोक.
कान कोण मोजतो?

मोजले कोइतेच्या दवाखान्यात, मागच्या सप्टेंबरात.
कागदावर एक रेघ, हजारापर्यंत निवांत चाललेली,
मग घसरत घसरत
चार हजारापाशी खड्ड्यात.
तो कागद चुकून माझ्या फाइलीत गेला,
सिसलच्या आलेखाखाली,
आणि खिडकीच्या उजेडात दोन्ही एकदम दिसले.
एक चढतो तिथेच दुसरा उतरतो.
ट्रकची घरघर दोघांच्याही हातून सुटते.
स, फ, त,
चिमण्या, चमच्याची किणकिण, माझ्या मुलीची कुजबुज,
हे सगळं दोघेही गिळतात.

भिंतीला कान असतात म्हणतात.
मी माझ्याच बापाचे बसवत होते.

दोन दिवस नळीला हात लावला नाही.
नंतर लावला. काम होतं.

पहिले बावीस फलक गावच्या शाळेत लागले,
सिमेंटच्या भिंती, वर पत्रा,
फलकामागे मूठभर पोकळी सोडून, म्हणजे खालचे सूरही थोडे अडकतात.
शिडी वडिलांनी आणली. वर तेच चढले, ऐकतात कुठे.
खरंच, ऐकतात कुठे.
घरी ते सगळ्याला हो म्हणतात.
जेवलात? हो.
औषध घेतलं? हो.
कुठलं? हो.

शेवटचा स्क्रू बसला.
टाळी वाजवली, ती वाजली आणि संपली;
आधी ती पत्र्याखाली माशीसारखी घोंघावत राहायची.
मी फळ्याकडे तोंड करून, रोजच्या आवाजात,
स्वतःशीच म्हणावं तसं म्हटलं:
सोमवारी साल्वादोरला जाऊ, कानात यंत्र बसवायला.

"नाही."

वळून पाहिलं. त्यांची पाठ माझ्याकडे.

"का नाही?"

"बसभाडं कोण देणार?
आणि हा तिसरा फलक तू वाकडा लावलायस."

वाकडा नव्हता.
पट्टी लावली. होता, दोन मिलिमीटर.
मग बसभाड्यावरून, फलकावरून,
आई गेली त्या वर्षी विकलेल्या गाढवावरून
आम्ही अंधार पडेस्तोवर भांडलो,
एकदाही आवाज न चढवता.