कुणाचा रे तू

इथे ओढ्याला ब्रांच म्हणतात. फांदी.
नॉर्थ कॅरोलिनाच्या नकाशावर ती केसाएवढी निळी रेघ,
नेमकी घडीवर आली म्हणून अर्धी पुसलेली.
डेल्फा स्टेमी त्या घडीतच राहते.

वय एकोणऐंशी. मोज्यांच्या गिरणीत बत्तीस वर्षं
टाचा शिवल्या, दुसऱ्यांच्या.
आता मांडीपर्यंत रबरी बूट,
खिशात फडक्यात गुंडाळलेला मक्याचा पाव,
आणि सहा फुटांची काचतंतूची काठी,
वजन एका अंड्याचं.
“मासा वीतभर,” ती म्हणते,
“त्याच्यावर तोफ कशाला आणायची?”

मी मागे. मी तिचा कोण,
हे सांगायला तीन नाती ओलांडावी लागतात.
तिनं निघतानाच बजावलंय:
सावली पाण्यात पाडू नकोस.
खोकलास तर घरी जा.

रोडोडेंड्रॉन दोन्ही काठांवरून असा झुकलाय
की काठी मागे न्यायला जागाच नाही.
म्हणून ती माशी चिमटीत धरते
(हरणाच्या केसांची, परवा रात्री बांधलेली,
एका अंगाला जरा कललेली),
काठी बेचकीसारखी ताणते
आणि सोडते.
दोरी फांद्यांखालून निघते,
ठेंगण्या दारातून वाकून जाणाऱ्या माणसासारखी.

पहिल्यांदा पान लागलं.
दुसऱ्यांदा तिची स्वतःचीच टोपी.
मग एक शिवी, चर्चमधल्या कुणी ऐकू नये अशी,
आणि माशी पडली
दगडामागच्या परातभर पाण्यावर.

पाणी जरासं आत ओढलं गेलं. बस्, इतकंच.
काठी मुठीपर्यंत वाकली.
काठी एवढीशी म्हणून एवढासा मासाही
घटकाभर मोठा.

ओल्या तळव्यावर ब्रूक ट्राउट.
पोट पिकल्या पर्सिमनचं,
परांना चुन्याची बारीक किनार,
कुशीवर लाल ठिपके, त्यांना निळी कडी,
पाठीवर मोडी, कुणीतरी घाईत लिहिलेली.
ती दरवेळी विचारते तेच विचारते:
कुणाचा रे तू?

याचं उत्तर मला पाठ आहे.
लाकूडकंपनीनं डोंगर बोडका केला,
ओढ्यातून ओंडके ओढले, पाण्याचा चिखल झाला,
तेव्हा तिचा बाप रूफस
चरबीच्या रिकाम्या बादलीत अकरा मासे घेऊन
धबधब्याच्या वर चढला,
दर शंभर पावलांवर थांबून
हातानं पाणी ढवळत,
त्यांना श्वास मिळावा म्हणून.
नऊ जगले.
खालचं सगळं मेलं. वर उरले ते हे, मूळचे.
मयताच्या जेवणातसुद्धा ती हे सांगायची.

मार्चमध्ये मत्स्यखात्याचा एक मुलगा आला.
दाढी नीट, बूट कोरे.
परांची टोकं कात्रीनं कापून
कुपीत भरून घेऊन गेला.
मोडी वाचणारा भेटला, म्हणा.
ऑगस्टात पत्र: हे मासे इथले नव्हेत.
उत्तरेकडच्या मत्स्यकेंद्रातले,
बहुधा रेल्वेनं आलेले, दुधाच्या कॅनमधून.

म्हणजे रूफसनं ते खालच्या डोहातून वाचवलेच नव्हते.
स्टेशनवर उतरवून घेतले असणार.
मागून, किंवा न मागता.

पत्र तिनं माशांच्या डबीत
झाकणाखाली घडी करून ठेवलंय.
कागद ओल चांगली शोषतो.

मी धीर करून विचारलं, वाईट नाही वाटलं?
ती गळ सोडवत होती.
“बादली खरी होती,” ती म्हणाली.
“मी तिच्यात बटाटे ठेवते.”

मग हात पाण्यात धरून उभी राहिली.
मासा जाईना. कल्ले हलत राहिले.
आज तिनं प्रश्न विचारला होता,
पण नेहमीसारखं उत्तर दिलं नव्हतं,
आणि तो जणू त्यासाठी खोळंबला होता.
मग गेला. कुठल्या दगडाखाली, ते दिसलं नाही.

“पुढचं डबकं तुझं.”
एका अंड्याचं वजन माझ्या हातात आलं.
मी श्वास धरला, माशी धरली, काठी ताणली,
सोडली,
आणि पहिल्याच फेकीत
अडकवली फांदीत.