दवादारू

शब्द एकच आहे, दवादारू.
शाळेत बाईंनी तसाच लिहून घेतला होता, जोडून.
आमच्या वाडीला पोचेपर्यंत तो मधोमध तुटतो.
मागचा अर्धा मोटरसायकलवरून येतो
संध्याकाळी, ट्यूबमध्ये भरून,
उधारीवर, अगदी दारात.
पुढच्या अर्ध्यासाठी
पहाटे धरणाच्या कडेकडेनं चालत जाऊन
फाट्यावर एसटी धरावी लागते.

हिरामण माझा धाकटा दीर.
माझ्या लग्नात अक्षता वाटत फिरत होता.
आता भिंतीला कान लावून बसतो.
म्हणतो, पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावातून
कुणीतरी नाव घेऊन हाका मारतंय.
पितो तेव्हा हाका थांबतात.
की पितो म्हणून येतात?
डॉक्टरांनी हेच विचारलं. मला काय ठाऊक,
पहिली हाक आली तेव्हा मी रानात होते.

पहिल्या खेपेला व्यसनमुक्तीवाले म्हणाले,
आधी डोक्याचं बघून घ्या, येरवड्याला दाखवा.
येरवड्याला म्हणाले, आधी दारू तर सुटू दे.
दोघंही नीट बोलले, खोटं कशाला सांगू.
फक्त दोघांच्या मधे
दोन बस होत्या, एक नदी होती
आणि स्वारगेटहून परतीची शेवटची गाडी साडेचारला.

रांगेत कोथरूडच्या एक बाई भेटल्या, निमकर म्हणून.
डब्यातली खिचडी त्यांनी हिरामणलाही दिली.
त्यांचा मुलगा अकरा महिने झाले, शिवलेला नाही.
दर मंगळवारी संध्याकाळी गटात बसतो,
मन डळमळलं तर रात्री नऊलासुद्धा
समुपदेशक बाईंची बेल वाजवतो.
"इच्छाशक्ती लागते हो," म्हणाल्या.
असेल.
मी विचारलं, किती लांब पडतं तुम्हाला?
"चालतच जातो की, दोन चौक."
मी हिरामणच्या इच्छाशक्तीकडे बघितलं.
चपलेचा अंगठा तुटलेली ती खिडकीशी उभी होती,
सकाळपासून तीन गाड्या बदलून आलेली.

फोनवर बोलता येईल ना, डॉक्टरांनी सुचवलं.
आमच्याकडे रेंज येते ती म्हसोबाच्या टेकाडावर,
एकाच दगडावर.
तिथं आधीच तिघंचौघं उभी असतात,
कुणी गॅसचा नंबर लावायला, कुणी सुनेशी भांडायला.
त्यांच्या देखत ओरडायचं का,
हॅलो, ऐकू येतंय का,
मरावंसं वाटतं, म-रा-वं-सं!

केसपेपरवर कारकुनानं पत्ता विचारला.
मी म्हटलं, पानशेतच्या मागं.
"म्हणजे पुणेच की," म्हणाला, आणि पुणे लिहिलं.
चूक नाही. जिल्हा तोच.
शहराच्या नळाला येतं ते पाणी
रात्रभर आमच्याच उशाशी निजतं,
उतारानं आपसूक जातं, तिकीट काढत नाही.
धरण भरलं की भोंगा होतो,
खालच्यांनी सावध व्हावं म्हणून.
वरच्यांसाठी भोंगा नसतो.

चौदा गोळ्या मिळाल्या. पुढची तारीख पंधरवड्यानं.
भातलावणी तोंडावर. एक खाडा मला परवडतो, दोन नाही.
म्हणून चौदा गोळ्यांचे मी अठ्ठावीस दिवस केले,
एक दिवसाआड.
असं करायचं नसतं, माहीत आहे.
औषधाच्या खिडकीतल्या मुलीनं दोनदा बजावलं होतं.
डबी ट्रंकेत ठेवते, लग्नाच्या शालूखाली.

संध्याकाळी मोटरसायकलचा आवाज चढ चढू लागतो.
हिरामण ओट्यावरून उठतो, परत बसतो,
बोटांत बोटं घट्ट अडकवतो
आणि विचारतो,
"वहिनी, गोळी आज आहे
का उद्या?"