ओल्या रविवारचं तोंड

तीन दिवस झाले, निखारे बोलत नाहीत.

माझ्या माहेरी, वाईला, असल्या बसण्याला
फुरंगटणं म्हणत.
गाल फुगवायचे, भिंतीकडे तोंड करायचं,
जेवायच्या वेळी कुणीतरी काखेत गुदगुल्या करायचं
की संपलं. घाटाच्या पायरीवरच्या शेवाळासारखं,
वरवरचं.

लग्न होऊन पाचपावलीत आले
आणि पहिल्याच नवतप्यात फुरंगटून बसले,
तर दुर्पता आत्याबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला,
"काऊन वं, ऊन लागलं काय?"
दोन पेले पन्हं पाजलं, पदराला कांदा बांधला.
माझा रुसवा कुणाला वाचताच आला नाही.

मग शिकले.
कावला, म्हणजे अजून बोलतोय, पण ताट आपटतोय.
तोबरा चढला, म्हणजे बोलणं बंद, जेवण चालू.
घुम्या झाला, तर सावजी रस्सा समोर असून
नुसता भात चिवडतो.
त्याच्याही पलीकडचं एक आहे, त्याला शब्द नाही.
त्यात माणूस कुलरमध्ये पाणी भरतो.
बादलीमागून बादली,
टाकी वाहून नालीला लागेस्तोवर.

सोमवारी मी रद्दी दिली,
तिच्यात धोटा गेला. सासऱ्यांचा.
शिसवी, टोकांना पितळ,
मधे अंगठ्यानं झिजलेली खळगी.
माग विकून बावीस वर्षं झाली.
मला वाटलं, लाकूड आहे.

रोशनीचा फोन रात्री साडेआठला,
नॉटिंगहॅमला तेव्हा ऊन असतं, ऊन म्हणजे त्यांचं.
म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नर्स आहे ती.
"बाबा?"
"पाणी भरतायत."
ती हसली. "आई, इथं याला मार्डी म्हणतात.
सहा नंबरच्या बेडवरची आजी रोज सकाळी मार्डी.
यॉर्कशरचा एक वॉर्डबॉय म्हणतो,
तिच्यावर मंक चढलाय."
"मंक म्हणजे?"
"साधू गं. मठातला."

आमच्याकडे अंगात देवी येते, ती निदान बोलते.
लिंबू मागते, नारळ मागते, जुनी उणीदुणी काढते.
तिकडचा साधू नुसताच बसतो खांद्यावर,
पोथी मिटून.
मी दारातून वाकून बघितलं.
खरंच बसला होता.

"अजून एक, आई. तोंड कसं,
तर ओल्या शनिवार-रविवारसारखं."
"म्हणजे छान?"
"म्हणजे वाईट गं!"

इथं शेचाळीस डिग्री.
वाळ्याची ताटी सुकून काड्या गळतायत,
गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं,
आणि त्यांच्याकडे दुर्मुखलेलं तोंड ओल्या रविवारसारखं.
असलं तोंड आमच्या गल्लीत कुणाचं झालं असतं
तर उशाशी घेऊन झोपलो असतो आम्ही.

सकाळी भंगारवाल्याकडे गेले, गोळीबार चौकाच्या मागे.
पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.
तीन धोटे निघाले.
एकही आमचा नव्हता.
कुणाकुणाच्या बायकांनी दिले असतील,
कुणाकुणाच्या नालीला आज पाणी लागलं असेल.
चाळीस रुपयांना एक घेतला.

निखाऱ्यांनी तो उलटून पाहिला,
खळगीत अंगठा टेकवला. बसेना.
ज्याचा कुणाचा होता, त्याचा अंगठा जाड असावा.
"हा आपला नोय."
"माहीत आहे."
पंख्याची घरघर ऐकली थोडी दोघांनी.
"अजून कावलेलेच का?"
"मी कुठं कावलो वं," म्हणाले,
आणि धोटा कुलरच्या डोक्यावर ठेवला,
आडवा, भिंतीला लागून, पडू नये असा.

टाकी काठोकाठ होती.
तरी उठून बादली घेऊन आले.
या वेळी अर्धीच.